आधी ब्रश, मग तेल

गेल्या महिन्यात या सदरात ‘मशीन जड चालू लागले की तेल घालण्याची वेळ झाली असे समजावे’ असे एक वाक्य मी लिहिले होते. ते वाक्य अपुरे होते, हे नंतर आलेल्या पत्रांवरून माझ्या लक्षात आले. अनेकींनी त्याप्रमाणे तेल घातले आणि मशीन अधिकच जड झाले, किंवा चालले पण कापडावर डाग पडू लागले. शिवणाच्या वर्गात मी मुलींना पहिल्या दिवशी ब्रश देत असे आणि तेलाची बुधली दुसऱ्या आठवड्यात. लिहिताना मात्र तो क्रम विसरले. या वेळी निवडक पाच पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे पायाचे मशीन तीन वर्षे बंद होते. लेकीच्या बाळासाठी दुपटी शिवायला काढले, तर चाक फिरेना. घरात मशीनचे तेल नव्हते, म्हणून छिद्रांमधून खोबरेल तेल घातले. दोन-तीन आठवडे उत्तम चालले, मात्र डिसेंबरात थंडी पडल्यावर एके सकाळी पायडल हलेनासे झाले. आता नवे मशीन घ्यावे का? (एक वाचक, कोथरूड)

नवे मशीन घेण्याची काहीही गरज नाही. आपल्या यंत्रात बिघाड झालेला नाही, ते केवळ थिजले आहे. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते, आणि पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा त्याच्या कितीतरी खाली असतो. न्हाणीघरातल्या बाटलीत जे होते तेच यंत्राच्या सांध्यांत झाले. गोठलेले तेल ऊन लागले की निदान पातळ तरी होते. खरा त्रास पुढे असतो. खोबरेल काय, शेंगदाण्याचे काय किंवा तिळाचे काय, कोणतेही खाद्यतेल हवेच्या संपर्कात राहून हळूहळू चिकट होते आणि शेवटी धातूवर पिवळट, रोगणासारखा थर धरते. फोडणीच्या डब्याच्या बाहेरच्या बाजूला जो खरवडूनही न निघणारा चिकटा साठतो, त्याचा हा सख्खा भाऊ. शिवणयंत्राचे म्हणून मिळणारे तेल खनिज तेल असते. ते पाण्यासारखे स्वच्छ, पातळ आणि जवळजवळ वासरहित असते आणि असे घट्ट होत नाही.

उपाय सांगते, पण घाई करू नका. प्रथम रीळ, बॉबिन, बॉबिन केस आणि सुई काढून ठेवा. मशीनचे डोके बिजागरीवर मागे कलवा, खाली जुने वर्तमानपत्र पसरा आणि दिसेल तेवढा तूस ब्रशने झाडून घ्या. त्यानंतर ज्या ज्या छिद्रांत खोबरेल घातले होते त्या प्रत्येक छिद्रात रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडा, अर्धा तास थांबा आणि चाक हाताने, आपल्या दिशेने, हळूहळू फिरवा. पहिल्यांदा जेमतेम पाव फेरा फिरेल. जोर न लावता पुन्हा थेंब सोडून पुन्हा थांबावे. चाक मोकळे झाले की पट्टा चढवून दोन-तीन मिनिटे रिकामे मशीन चालवा. सांध्यांमधून तपकिरी, मळकट द्रव बाहेर येईल, तो सुती फडक्याने पुसत राहा. स्वच्छ येऊ लागेपर्यंत हे दोन-तीन वेळा करावे लागते.

हे काम खिडकी उघडून करावे, आणि जवळपास गॅस किंवा देवापुढचे निरांजन पेटलेले नसावे. रॉकेल सोनेरी नक्षीवर सांडू देऊ नये. आणि महत्त्वाचे म्हणजे काम तेथे संपत नाही. रॉकेल जुने तेल धुऊन नेते, स्वतः मात्र वंगणाचे काम करत नाही; म्हणून त्याच दिवशी प्रत्येक ठिकाणी मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पडलाच पाहिजे, अन्यथा कोरडा धातू धातूवर घासतो. रॉकेल आता सहजी मिळत नाही, हे मी जाणते. ते न मिळाल्यास मशीनचेच तेल थोडे अधिक प्रमाणात घालावे, डोक्याला तासभर ऊन दाखवावे आणि हाच क्रम चार दिवस करावा. वेळ जातो, पण गुण येतो. गंज सोडवण्याच्या फवाऱ्याचेही रॉकेलसारखेच आहे : त्यातला बराचसा भाग उडून जातो, म्हणून तो सोडवण्यापुरता ठीक आहे, तेलाच्या जागी नाही.

प्रश्न : आठवड्याला दोन-तीन ब्लाउज आणि अधूनमधून फॉल-बिडिंग एवढेच माझे काम असते. तेल नेमके कोठे, किती आणि किती दिवसांनी घालावे? दुकानदार ‘भरपूर घाला, काही होत नाही’ असे म्हणाले. (एक वाचक, सहकारनगर)

होते. भरपूर घातलेले तेल सांध्यात राहत नाही, ते ओघळते, तूस धरून ठेवते आणि त्याची राबडी होते. शिवाय सुईदांड्यावरून उतरून ते नेमके नव्या अस्तरावर पडते. प्रत्येक ठिकाणी एक थेंब पुरतो.

दिवसांचा हिशेब करण्याऐवजी तासांचा करावा. प्रत्यक्ष शिवण्याचे आठ-दहा तास झाले की साध्या लोखंडी मशीनला तेल द्यावे, असा माझा प्रघात आहे. आपल्या कामाला ते साधारण महिन्यातून दोनदा येईल. दिवसभर शिवणारे कारागीर रोज सकाळी तेल घालतात, ते त्यांच्या दृष्टीने योग्यच आहे. याउलट मशीन महिनोन्‌महिने वापरलेच नाही, तरी दोन-अडीच महिन्यांतून एकदा तेलाचा थेंब देऊन ते मिनिटभर चालवावे. उभ्या यंत्राचेही तेल सुकते.

जागांबद्दल. काळ्या रंगाच्या पारंपरिक देशी यंत्रांपैकी बहुतेक यंत्रे सिंगरच्या ‘क्लास १५’ या जुन्या रचनेवर बेतलेली आहेत, त्यामुळे एका मशीनवर शिकलेले दुसऱ्यावर चालते. वरच्या आडव्या हातावर लहान छिद्रे असतात, ती आधी पाहा. डाव्या टोकाचे झाकण पेच सैल करून काढले की सुईदांडा, प्रेसर फूटचा दांडा आणि दोरा वर-खाली खेचणारा दांडा हे तिन्ही उघडे पडतात. जेथे एक भाग दुसऱ्यात सरकतो किंवा फिरतो तेथे थेंब द्यायचा. डोके मागे कलवले की खालचे आडवे दांडे आणि त्यांचे सांधे दिसतात. पायाच्या मशीनला खाली आणखी चार जागा असतात, त्या बहुतेकजणी विसरतात : पायडलची दोन टोके, मोठ्या चाकाचा आस आणि पायडलला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याचे वरचे टोक. शिवताना चूं-चूं असा आवाज येत असेल तर नव्वद टक्के वेळा तो येथून येतो आणि गृहिणी वरच्या छिद्रांत तेल ओतत राहते.

ज्या जागेबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे ती म्हणजे शटलची. बॉबिन केस काढल्यावर आत एक वाटोळे कडे दिसते, त्याला दोन्ही बाजूंना दोन लहान खिट्ट्या असतात. त्या बाहेरच्या बाजूला वळवल्या की कडे हातात येते आणि मागोमाग अर्धचंद्रासारखे, एका टोकाला अणकुची असलेले शटल निघते. हा भाग काढायला पुष्कळ जणींना भीती वाटते. ती बाळगू नये. फक्त काढताना कोणती बाजू बाहेर होती ते पाहून ठेवावे, हवे तर मोबाइलवर फोटो काढावा. शटल ज्या खाचेत फिरते त्या खाचेत दाबलेला, तेल पिऊन नमद्यासारखा झालेला तूस सापडेल, आणि वर्षभर साफसफाई झाली नसेल तर तो आख्खा अर्धवर्तुळाकार निघेल. तो ब्रशने काढावा, ब्रश पोहोचत नसेल तर जुन्या सुईच्या बोथट टोकाने. फुंकर मारू नये. फुंकरीने अर्धा तूस आत सरकतो आणि वाफेचा ओलावा लोखंडाला लागतो, तो वेगळाच. खाच स्वच्छ झाल्यावर तीत एकच थेंब सोडून शटल बसवावे. मशीनचा ‘खट-खट’ आवाज ‘टक-टक’ असा मृदू झालेला तेथल्या तेथे ऐकू येतो.

तेल कधीही घालू नये अशाही तीन जागा आहेत : दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या चकत्या, पट्टा, आणि मोटर बसवलेली असल्यास ती मोटर. चकत्यांना तेल लागले तर दोरा निसटतो आणि त्याच्या अंगाला तेल लागून तो टीप पडेल तेथे डाग पाडत जातो. लागलेच, तर प्रेसर फूट वर करून स्वच्छ सुती कापडाची पट्टी चकत्यांमधून दोन-चारदा ओढावी.

तेल घालून झाले की रिकामे मशीन मिनिटभर चालवावे, सुईदांडा पुसावा आणि पहिल्या वीतभर टिपा चिंधीवर घालाव्यात. आणखी एक सूचना, ती धार्मिक भावना न दुखवता स्वीकारावी. खंडेनवमीला आपण मशीनची पूजा करतो. हळद-कुंकू, अक्षता, झेंडू सगळे वाहतो. माझ्याकडे एक मशीन असे आले होते की त्याच्या वरच्या छिद्रातून टाचणीने उकरल्यावर हळदीची घट्ट गोळी निघाली, तिच्याखाली तेल पोहोचणे कधीच बंद झाले होते. कुंकू अवश्य लावावे. पाटावर लावावे, छिद्रांवर लावू नये.

प्रश्न : माझ्या नव्या विजेवरच्या झिगझॅग मशीनच्या पुस्तिकेत तेल घालण्याचा उल्लेखच नाही. सासूबाई मात्र दर महिन्याला तेल घाला म्हणून मागे लागल्या आहेत. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, बाणेर)

पुस्तिकेचे. सासूबाईंचा आग्रह त्यांच्या मशीनच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर आहे, हेही त्यांना आवर्जून सांगावे. त्यांच्या काळच्या मशीनमध्ये लोखंड लोखंडावर फिरत असे आणि तेलासाठी छिद्रे ठेवलेली असत. आजच्या अनेक घरगुती यंत्रांत काही चाके प्लास्टिकची असतात, सांध्यांमध्ये कारखान्यातच ग्रीस भरलेले असते किंवा तेल धरून ठेवणारे धातूचे छल्ले बसवलेले असतात. अशा यंत्राचे कवच उघडून तेल सोडले तर भरलेले ग्रीस पातळ होऊन ओघळते आणि मग दुरुस्तीचा खर्च येतो.

तरीही एक भेद पाहून घ्यावा. बॉबिन वरून, पारदर्शक झाकणाखाली आडवी टाकायची असेल, तर ती ज्या काळ्या प्लास्टिकच्या वाटीत बसते त्या वाटीला तेल लावू नये. ती उचलून खालचा तूस झाडणे एवढेच आपले काम, पण ते प्रत्येक दोन-तीन बॉबिनींनंतर करावे. बॉबिन समोरून, धातूच्या केसमध्ये घालून उभी बसवायची असेल, तर तशा यंत्रांपैकी पुष्कळांना शटलच्या खाचेत एक थेंब चालतो आणि पुस्तिकेत तो ‘साफसफाई’च्या पानावर, चित्रात लहानशा थेंबाच्या खुणेने दाखवलेला असतो. ‘तेल’ हा शब्द शोधून तो सापडत नाही, चित्र पाहावे. कोणतीही सफाई करताना प्लग भिंतीवरून काढलेला असावा, केवळ बटण बंद करून भागत नाही, कारण पाय चुकून पायडलवर पडला आणि बोट सुईखाली असले की काय होते ते मी पाहिलेले आहे.

प्रश्न : तेल घातल्यापासून टिपेच्या खालच्या बाजूला दोऱ्याचे जाळे होते. वरून टीप चांगली दिसते. तेल चुकीच्या जागी गेले असेल का? शिवाय या गडबडीत रेशमी ब्लाउजपीसवर तेलाचा डागही पडला. (एक वाचक, हडपसर)

खाली जाळे दिसले की बहुतेकजणी बॉबिनला दोष देतात, परंतु खालच्या बाजूचे जाळे वरच्या दोऱ्याचे असते. वरच्या दोऱ्याला ताण नाही, म्हणून तो सैल पडून खाली गोळा होतो. तेल घालताना आपण दोरा काढला असेल आणि पुन्हा ओवताना प्रेसर फूट खाली असेल, अशी माझी खात्री आहे. फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या घट्ट मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये न शिरता नुसता वरून जातो. फूट वर करून दोरा पूर्ण काढा आणि पहिल्यापासून ओवा. एवढ्याने काम झाले नाही, तर चकत्यांना तेल लागले आहे का ते वर सांगितल्याप्रमाणे पाहा. त्यानंतरच बॉबिन केसकडे वळावे : दोरा धरून भरलेली केस हातात लोंबकळू द्यावी, ती आपल्या वजनाने खाली घसरता कामा नये, पण मनगटाला हलका झटका दिला की दोन-तीन बोटे उतरली पाहिजे. तिचा बारीक पेच फिरवायचाच झाला तर घड्याळाच्या काट्याच्या पाव फेऱ्याहून कमी फिरवावा.

सुईही बदलून पाहावी. सुती पॉपलीनला १४ क्रमांकाची, तलम रेशमाला ९ किंवा ११, जीन्सला १६. सुईला एका बाजूने लांब खाच असते, आणि दोरा ज्या बाजूने ओवायचा त्या बाजूला ती खाच यावी, एवढा एकच नियम लक्षात ठेवला तर सपाट बाजू कोठे ठेवायची हा घोळ कोणत्याही मशीनवर होत नाही.

डागाबद्दल : रेशमावर पाणी लावू नका, चोळूही नका. टिपकागद किंवा साध्या टिश्यूने तेल टिपून घ्यावे, दोन्ही बाजूंनी टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर दाबून रात्रभर ठेवावे आणि सकाळी मऊ ब्रशने झटकावे. उरलेली छटा ड्रायक्लीनिंगवाल्याकडे द्यावी आणि डाग मशीनच्या तेलाचा आहे हे सांगावे. सुती कापड असेल तर कोरड्या डागावरच भांड्यांचे द्रवरूप साबण लावून दहा मिनिटांनी धुवावे. डाग गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री फिरवू नये.

प्रश्न : आमच्याकडे आजीचे सिंगर आहे. आम्ही तेव्हा नारायण पेठेत राहत होतो. पानशेतच्या पुरात मशीन पाण्याखाली गेले होते. गाळ काढून ते पुन्हा चालू केले आणि आईने पुढे तीस वर्षे वापरले. आता पंधरा वर्षे माळ्यावर आहे, चाक घट्ट बसले आहे. कोणी म्हणते भंगारात द्या, कोणी म्हणते फार किंमत येईल. (एक वाचक, कर्वेनगर)

१२ जुलै १९६१ च्या पुरातून निघून ज्या मशीनने पुढे तीस वर्षे काम केले, ते माळ्यावरच्या पंधरा वर्षांनी मरत नाही. किमतीबद्दल मात्र फारशी आशा धरू नये. ही यंत्रे लाखोंच्या संख्येने बनली आणि टिकलीही तशीच. पायथ्याच्या उजव्या बाजूला उठावदार पट्टीवर कोरलेला क्रमांक पाहा : त्याच्याआधी इंग्रजी अक्षर असेल, तर यंत्र १९०० नंतरचे आहे, आणि अक्षर व क्रमांक यांवरून ते कोणत्या कारखान्यात व साधारण कोणत्या वर्षी बनले हे कळते.

आता चाकाबद्दल. जोर लावण्याआधी नेमके काय अडकले आहे ते शोधावे. चाकाच्या मधोमध जो गोल दट्ट्यासारखा पेच असतो, बॉबिन भरताना आपण जो सैल करतो, तो सैल करा. पेच सैल केल्यावर चाक एकटे मोकळे फिरले, तर चाकात दोष नाही. अडचण शटलमध्ये किंवा आतल्या मुख्य दांड्यात आहे. चाक तरीही फिरले नाही, तर ते स्वतःच्या आसावर गंजले आहे आणि तेल तेथे द्यायचे आहे. शटलची शक्यता मी आधी तपासते, कारण अडकलेल्या दर तीन-चार मशीनपैकी एकात तरी शटलमागे दोऱ्याचा तुकडा गुंडाळलेला सापडतो, आणि चिमट्याने तो काढला की गंजाचा संशय हवेत विरतो.

खरोखर गंज असेल तर सुईदांड्याभोवती आणि खालच्या सांध्यांवर तांबूस कडा दिसेल. तेथे गंज सोडवणारे पातळ तेल किंवा रॉकेल रोज सकाळ-संध्याकाळ द्यावे आणि आठवडाभर चाक मागे-पुढे केवळ बोटभर हलवण्याचा प्रयत्न करावा. हातोडी आणू नये, पक्कडही नको. ओतीव लोखंड लवत नाही, तडकते. सोनेरी वेलबुट्टीवर स्पिरिट अजिबात लावू नये, कारण जुन्या सिंगरवरचा चकाकीचा थर लाखेचा असतो, तो स्पिरिटमध्ये विरघळतो आणि त्याबरोबर नक्षीही जाते. मऊ फडक्यावर मशीनचेच तेल घेऊन पुसावे; काळा मळ निघेल, सोने राहील.

पायाचा चामडी पट्टा पंधरा वर्षांत वाळून ताठ झाला असेल, तो बदलावा. नवा पट्टा, बॉबिन, शटल, पेच हे सारे रविवार पेठेत, बोहरी आळीत आणि आसपास शिवणाचे सामान विकणाऱ्या दुकानांतून मिळू शकते. जाताना जुनी बॉबिन केस बरोबर न्यावी, तोंडी वर्णन करू नये. पट्टा नेहमी थोडा लांबच मिळतो. तो चाकांवर चढवून, बोटाने दाबला असता अर्धा इंच दबेल एवढा ठेवून कापावा आणि मगच तारेची कडी अडकवावी. नवे चामडे पहिल्या महिन्यात ताणले जाते, तेव्हा एक बोटभर पुन्हा कापावे लागेल.

दुरुस्तीनंतर मशीन माळ्यावर ठेवू नका. पावसाळ्यात त्यावर प्लास्टिक टाकले की आत बाष्प साठते. सुती चादरीची खोळ घालावी, प्रेसर फूटखाली दुहेरी सुती कापड ठेवून फूट खाली सोडावे, म्हणजे रात्रीत उतरलेले तेल तेथे टिपले जाईल.